विश्वप्रेमी स्मिथ

नाव बदलायचे असेल तर आपल्याकडे राजपत्रात दोन ओळी छापून आणाव्या लागतात. १८५४ साली कॅलिफोर्नियात त्यासाठी विधिमंडळाकडून चक्क कायदा मंजूर करून घ्यावा लागे. त्या वर्षी तिथल्या विधिमंडळापुढे एका फोटोग्राफरचा अर्ज आला. अर्जदाराचे नाव विल्यम अलेक्झांडर स्मिथ. सोन्याच्या खाणींच्या त्या मुलखात स्मिथ पैशाला पासरी मिळत आणि एका स्मिथची पत्रे दुसऱ्या स्मिथच्या हाती पडत. ही अडचण खरी होती. पण ती दूर करायला या गृहस्थाने मागितलेले नाव पाहून सभासदांची हसता हसता पुरेवाट झाली. त्याला यापुढे ‘आमोर डी कॉस्मॉस’ म्हणवून घ्यायचे होते! थोडे लॅटिन, थोडे फ्रेंच आणि थोडे ग्रीक अशी ही खिचडी. मराठीत सांगायचे तर ‘विश्वप्रेम’. सुव्यवस्था, सौंदर्य, जग आणि अखिल ब्रह्मांड ही आपली सर्वांत आवडती दैवते असून ती या नावात एकवटली आहेत, असे कारण त्याने दिले होते. एका विनोदी सभासदाने मध्ये ‘मगिन्स’ घाला म्हणून उपसूचना मांडली. मगिन्स म्हणजे आपला बावळट. अखेर हशा ओसरला, कायदा मंजूर झाला आणि स्मिथचा कॉस्मॉस झाला.

हा कॉस्मॉस पुढे कॅनडाच्या पश्चिम टोकाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा मुख्यमंत्री झाला. त्याआधी तो संपादक होता, आणि माझी त्याच्याशी ओळख झाली ती त्या नात्याने. वर्तमानपत्रांच्या इतिहासाचा मला जुना नाद आहे. संपादकाचा पुढारी होणे ही गोष्ट महाराष्ट्राला काही नवी नाही. पण आपल्या थोर संपादकांना सत्तेच्या आधी तुरुंग भेटला, आणि सत्ता बहुतेकांच्या वाट्याला आलीच नाही. त्यामुळे त्यांची लेखणी खुर्चीवर बसल्यावर कशी चालली असती, हा प्रश्न अंधारातच राहिला. कॉस्मॉसच्या बाबतीत त्याचे उत्तर मिळते. ज्या खुर्चीवर त्याने वर्षानुवर्षे शाई फेकली तिच्यावर बसायची पाळी अखेर त्याच्यावरच आली.

त्याचा जन्म १८२५ सालचा, कॅनडाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, अटलांटिकच्या काठी नोव्हा स्कोशियातल्या विंडसर गावी झाला. वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी तो हॅलिफॅक्सला किराण्याच्या एका घाऊक पेढीवर कारकून म्हणून लागला. दिवसा गोण्यांचा हिशेब आणि रात्री वर्ग व वादसभा, असा त्याचा क्रम होता. त्या हॅलिफॅक्समध्ये तेव्हा जोसेफ हाऊ या संपादकाचा दबदबा होता. गावच्या न्यायाधीशांचे घोटाळे छापल्याबद्दल १८३५ साली हाऊवर बदनामीचा खटला झाला. वकील मिळेनात, तेव्हा त्याने स्वतःच सहा तासांहून अधिक वेळ ज्यूरीपुढे भाषण केले आणि तो निर्दोष सुटला. त्याच हाऊच्या चळवळीमुळे १८४८ साली नोव्हा स्कोशियाला जबाबदार राज्यपद्धती मिळाली, म्हणजे मंत्र्यांनी गव्हर्नरला नव्हे तर लोकांच्या प्रतिनिधींना जाब द्यायचा. ब्रिटिश वसाहतींत हे पहिल्यानेच घडत होते. पेढीवरचा तरुण कारकून हे सारे डोळ्यांसमोर पाहत होता. लेखणीने गव्हर्नर वाकतो, हा धडा त्याने तिथे गिरवला आणि पुढे जन्मभर तो विसरला नाही.

१८५२ मध्ये त्याला पश्चिमेची हाक आली. खुष्कीच्या मार्गाने निघालेली स्वारी हिवाळ्यात सॉल्ट लेक सिटीला अडकली आणि १८५३ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या खाणींवर पोचली. बरोबर कॅमेऱ्याचे सामान होते. खाणवाल्यांची आणि त्यांच्या खोदकामांची चित्रे काढून देण्याचा धंदा त्याने मांडला. सोने खणणाऱ्यापेक्षा सोने खणणाऱ्याचे चित्र काढणारा शहाणा, असे माझे मत आहे. सोने लागो न लागो, चित्राचे पैसे रोख!

१८५८ साली उत्तरेत फ्रेझर नदीच्या वाळूत सोने सापडल्याची बातमी फुटली आणि सारा कॅलिफोर्निया तिकडे लोटला. फ्रेझरकडे जायचे तर व्हँकूवर बेटावरच्या व्हिक्टोरिया बंदरात उतरावे लागे. हे गाव म्हणजे एका व्यापारी कंपनीचा कोट आणि त्याभोवती काही शे वस्ती. त्या एप्रिलात एका जहाजातून एकदम चारशेंवर माणसे उतरली, तेव्हा गावाची लोकसंख्या एका सकाळी जवळजवळ दुप्पट झाली. त्याच उन्हाळ्यात आमचा कॉस्मॉसही तिथे दाखल झाला.

ज्या कंपनीचा हा कोट ती हडसन्स बे कंपनी. तिची कुळकथा आपल्याला ओळखीची वाटेल. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगालकडून हुंड्यात मिळालेली मुंबई त्याने १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली, हे शाळेतली पोरेही सांगतील. त्याच राजाने दोन वर्षांनी उत्तर अमेरिकेतील कातड्यांच्या व्यापाराची सनद हडसन्स बे कंपनीला दिली. एका आंब्याच्या या दोन कोयी. पुढे १८४९ मध्ये राणीच्या सरकारने अख्खे व्हँकूवर बेट या कंपनीला वसाहत करण्यासाठी दिले. भाडे किती? वर्षाला सात शिलिंग. आकाराने हे बेट आपल्या कोकणपट्टीएवढे तरी भरेल, आणि तिथे हजारो वर्षे नांदत असलेल्या मूळ रहिवाशांना हा भाडेपट्टा दाखवायची कोणाला गरज वाटली नाही.

बेटाचा गव्हर्नर जेम्स डग्लस हा कंपनीचाच मुख्य अधिकारी होता. माणूस मोठा कर्तबगार. १८५८ च्या त्या गर्दीत, हाताशी मूठभर शिपाई असताना, त्याने हजारो हत्यारबंद खाणवाल्यांवर इंग्रजी अंमल बसवला. हे काम येरागबाळ्याचे नव्हे. पण त्याचा कारभार घरगुती होता. मुख्य न्यायाधीश डेव्हिड कॅमेरन हा त्याचा मेहुणा. या न्यायमूर्तींनी कायद्याचे शिक्षण घेतलेले नव्हते. १८५६ साली जी चिमुकली विधानसभा भरली तिचा सभापती डॉक्टर हेल्मकेन हा त्याचा जावई. कंपनीची वखार, गव्हर्नरचा वाडा, न्यायालय आणि विधानसभा यांच्यामधून जाणारी वाट एकाच माजघरातून गेलेली होती.

या माजघराच्या दाराशी कॉस्मॉसने ११ डिसेंबर १८५८ रोजी आपले पत्र आणून ठेवले. नाव ‘ब्रिटिश कॉलनिस्ट’. चार पाने, पहिल्या अंकाच्या प्रती दोनशे. छपाईचे हातयंत्र कॅथलिक बिशप डेमर्स यांनी धर्मकार्यासाठी फ्रान्सहून आणवले होते. जे यंत्र पोथ्या छापायला आले त्याने गव्हर्नरची लक्तरे छापली. बातम्या आणणे, अग्रलेख लिहिणे, मुद्रिते तपासणे हे सारे प्रथम संपादकच करी. ज्यांनी जिल्ह्याच्या गावी साप्ताहिक चालवलेले पाहिले आहे त्यांना हे चित्र रंगवून सांगायला नको.

पहिल्या अंकापासून पत्राचा सूर एकच होता. वसाहतीला जबाबदार राज्यपद्धती हवी, बेट व पलीकडचा मुलूख एक व्हायला हवा, आणि एक दिवस ब्रिटिश उत्तर अमेरिकेच्या साऱ्या वसाहतींचे एक राष्ट्र झाले पाहिजे. डग्लसच्या कारभाराचे वर्णन करताना त्याने खुशमस्करी, सोयरेधायरे आणि नालायकी ही तीन विशेषणे एका दमात वापरली. जुन्या ‘कॉलनिस्ट’चे अंक आता घरबसल्या वाचायला मिळतात. मी त्यांतले बरेच चाळले. भाषा आपल्या जुन्या निबंधकारांच्या वळणाची, एकदा खवळली की आवरत नाही. पण प्रत्येक शिवीमागे एक मागणी उभी असते, हा त्याचा विशेष मला मोठा वाटतो. केवळ शिव्या देणारी पत्रे सोन्याच्या गावात चार निघतात आणि चार बुडतात.

१८५९ च्या वसंतात डग्लसने उपाय काढला. एक जुना इंग्लिश कायदा उकरून त्याने हुकूम सोडला की वर्तमानपत्राच्या प्रकाशकाने ८०० पौंडांचा जामीन दिल्याशिवाय पत्र काढू नये. जामीन! या एका शब्दाने १९१० च्या प्रेस ॲक्टानंतर आपल्याकडे किती छापखान्यांना कुलपे लागली, ते जुन्या संपादकांच्या आठवणींतून आपण वाचतोच. ‘कॉलनिस्ट’ बंद पडले. पण इथे डग्लसचा अंदाज चुकला. गावात जाहीर सभा भरली, लोकांनी वर्गणी करून जामीन उभा केला आणि पत्र पुन्हा निघाले. ज्याला कालपर्यंत लोक विक्षिप्त म्हणत तो आज लोकांचा झाला होता.

विक्षिप्त तर तो होताच. उंच काळी टोपी, लांब कोट, हातात काठी, काळीभोर दाढी. भाषण करता करता डोळ्यांतून घळघळा पाणी, आणि रस्त्यात कोणी उणे बोलला की मुद्द्यांवरून गुद्द्यांवर! १८६० च्या निवडणुकीत तर नावानेच त्याचा घात केला. परक्या देशाच्या कायद्याने बदललेले नाव ब्रिटिश मुलखात चालते काय, अशी शंका निघाली, म्हणून तो ‘विल्यम अलेक्झांडर स्मिथ ऊर्फ आमोर डी कॉस्मॉस’ म्हणून उभा राहिला. मतदान तेव्हा तोंडी असे. शेवटच्या मतदाराने घाईत नुसतेच ‘आमोर डी कॉस्मॉस’ म्हटले, ते मत बाद झाले, मते बरोबरीत आली आणि निवडणूक अधिकाऱ्याने आपले मत प्रतिस्पर्ध्याच्या पारड्यात टाकले, अशी कथा सांगतात. १८६३ साली मात्र तो निवडून आला आणि त्याच वर्षी त्याने ‘कॉलनिस्ट’ सोडले. १८६६ मध्ये एक नावडते विधेयक मुदतीत मंजूर होऊ नये म्हणून त्याचा सहकारी लेनर्ड मॅक्ल्यूर हा विधानसभेत सलग १६ तास बोलला आणि तो खाली बसताच कॉस्मॉस ७ तास बोलला. मॅक्ल्यूरही संपादकच. कॉलम भरण्याची सवय कामी आली म्हणायची.

समोरच्या किनाऱ्यावर न्यू वेस्टमिन्स्टर येथे जॉन रॉबसन नावाचा दुसरा एक संपादक असाच झगडत होता. न्यायाधीश बेगबी यांच्यावर लाच घेतल्याचा संशय छापल्याबद्दल १८६२ साली त्याला तुरुंगात धाडले, तर गड्याने अंधारकोठडीतून आलेली हाक म्हणून अग्रलेख लिहिला. तोही पुढे १८८९ साली मुख्यमंत्री झाला. लंडनला गेला असता घोडागाडीच्या दारात बोट चेंगरले, जखम चिघळली आणि १८९२ मध्ये तो तिथेच वारला. या दोघा संपादकांचे आपसांत फार पटले नाही, हे सांगायला हवे का?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १८६६ साली बेट आणि पलीकडचा मुलूख यांची मिळून एक वसाहत झाली. खाणी आटल्या होत्या आणि कर्ज मात्र वाढले होते. १८६७ मध्ये अमेरिकेने रशियाकडून अलास्का विकत घेतले, तेव्हा ही वसाहत उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही बाजूंनी अमेरिकेच्या कात्रीत सापडली. व्हिक्टोरियातल्या कित्येक व्यापाऱ्यांना अमेरिकेत सामील व्हावे हेच शहाणपणाचे वाटे. त्याच वर्षी अटलांटिकच्या बाजूला कॅनडाचे संघराज्य जन्मले. मधे हजारो मैलांचे गवताळ रान आणि बर्फाळ पहाड. अशा वेळी मार्च १८६७ मध्ये, संघराज्याची स्थापना व्हायची होती तेव्हाच, कॉस्मॉसने कायदेमंडळात त्यात सामील होण्याचा ठराव मांडला. १८६८ च्या मे महिन्यात त्याने संघराज्यवादी मंडळी जमवली आणि सप्टेंबरात फ्रेझरकाठच्या येल गावी २६ प्रतिनिधींची परिषद भरवली. गंमत अशी, की ज्या जोसेफ हाऊपासून त्याने विद्या घेतली तो हाऊ तिकडे नोव्हा स्कोशियात याच संघराज्याविरुद्ध रान उठवत होता.

नवा गव्हर्नर मस्ग्रेव्ह आला आणि गाडे हलले. १८७० साली अटी ठरवायला तीन प्रतिनिधी ओटावाला गेले. त्यांत डग्लसचा जावई हेल्मकेन होता, जो कालपर्यंत विलीनीकरणाचा कट्टर विरोधक. दुसरा ट्रच, तोही काठावरचा. कॉस्मॉस नव्हता! सोयरीक ज्याने जमवली त्याला वऱ्हाडात जागा नाही, तशातली गत. या प्रतिनिधींनी गाडीरस्ता मागितला होता. ओटावाच्या सरकारने दहा वर्षांत पॅसिफिकपर्यंत आगगाडी आणून देण्याचे वचन दिले. २० जुलै १८७१ रोजी ब्रिटिश कोलंबिया हा कॅनडाचा सहावा प्रांत झाला. ट्रच नायब गव्हर्नर झाला आणि त्याने पहिला मुख्यमंत्री म्हणून विधानसभेचे तोंडही न पाहिलेल्या मॅक्रीट नावाच्या वकिलाला बोलावले. कॉस्मॉसला डिसेंबर १८७२ पर्यंत वाट पाहावी लागली. मॅक्रीट पडला आणि मग नाइलाजाने का होईना, संपादकाला बोलावणे आले.

त्याची कारकीर्द जेमतेम चौदा महिन्यांची. तीत काय झाले? १८७३ मध्ये तोंडी मतदान जाऊन गुप्त मतदान आले. ज्याचे मत नावाच्या उच्चाराने बाद झाले त्याच्या राज्यात हे व्हावे, हा न्याय मला मोठा रुचतो. विवाहित स्त्रीला स्वतःची मिळकत बाळगण्याचा कायदा त्याच वर्षी झाला. आणि एकाच माणसाने प्रांताच्या विधानसभेत व ओटावाच्या पार्लमेंटात, अशा दोन डगरींवर पाय ठेवू नये, असाही कायदा झाला. कॉस्मॉस स्वतः त्या वेळी दोन्हीकडचा सभासद होता. मुख्यमंत्री असूनही वर्षाचा मोठा भाग तो ओटावात आणि लंडनमध्ये काढी, आणि ओटावाला जायला आधी सॅन फ्रान्सिस्कोला जहाजाने जाऊन अमेरिकेची आगगाडी पकडावी लागे. घरचा कारभार त्याचा सहकारी वॉकेम पाही.

संपादक म्हणून ज्याने दुसऱ्यांच्या गैरहजेरीवर अग्रलेख लिहिले असते, तो आता स्वतः गैरहजर होता. त्यातून गोदीचे प्रकरण उपटले. एस्क्विमॉल्टला जहाजे दुरुस्त करण्याची मोठी सुकी गोदी बांधायची होती, आणि विलीनीकरणाच्या करारात १,००,००० पौंडांच्या कर्जावरील व्याजाची हमी ओटावाने दिली होती. कॉस्मॉसने हिशेब केला की हमीपेक्षा रोख रक्कम बरी, आणि तशी बोलणी करून तो परतला. हिशेब चुकीचा नव्हता. पण ओटावात नुकतेच मॅकेंझीचे नवे सरकार आले होते आणि आगगाडीचे वचन सैल करण्याची भाषा बोलत होते. लोक म्हणाले, कराराचे एक कलम आपणच बदलायला गेलो तर ते आगगाडीचे कलम बदलतील. लोकांना विचारल्याशिवाय कराराला हात लावायचा नाही! हे वाक्य कोणाच्या शाळेत शिकलेले होते ते सांगायला नको. ‘कॉलनिस्ट’ या वेळी त्याच्या विरोधकांच्या हातात होते.

७ फेब्रुवारी १८७४ रोजी सुमारे ८०० लोकांची सभा भरली आणि तशीच मिरवणुकीने पूल ओलांडून विधानसभेवर चालून गेली. कॉस्मॉसला झाडाला टांगण्याची भाषा करणारे गाणे त्यांच्या तोंडी होते. विधानसभेच्या इमारतींना लोक ‘पक्ष्यांचे पिंजरे’ म्हणत. त्या दिवशी पक्षी खरोखरच पिंजऱ्यात सापडला. सज्जे भरले, आरडाओरड झाली, सभापती आसन सोडून उठला आणि मुख्यमंत्री त्याच्या खोलीत दार लावून बसला. जमावाच्या पुढाऱ्यांत डॉक्टर हेल्मकेन होता. पंधरा वर्षांपूर्वी जाहीर सभेने ज्याचा जामीन भरला, त्याला जाहीर सभेनेच खोलीत कोंडले. दोन दिवसांनी त्याने राजीनामा दिला. दोन जागांच्या बंदीमुळे एक जागा सोडणे भागच होते, ही सबब हाताशी होती. पुढे टेक्साडा बेटावरच्या लोखंडाच्या खाणीत त्याने हात मारला, असा बोभाटा होऊन चौकशी आयोग बसला. पुराव्यात काही सिद्ध झाले नाही. पण संशयाची शाई पुसायची कशाने, हे त्या जुन्या संपादकालाच अधिक ठाऊक.

ओटावात तो १८८२ पर्यंत राहिला. आगगाडी, आगगाडी आणि आगगाडी, हेच त्याचे त्या काळचे चरित्र. १८७९ मध्ये वचन पाळत नसाल तर आमचा प्रांत संघराज्यातून मोकळा करा, अशा अर्थाचा ठराव त्याने आणला, तर अनुमोदन द्यायलाही कोणी उठले नाही. १८७८ साली खुद्द पंतप्रधान जॉन मॅक्डोनल्ड आपल्या गावी पडून व्हिक्टोरियातून निवडून आला होता आणि शेजारच्याच जागेवर कॉस्मॉस होता. मॅक्डोनल्डने तोपर्यंत व्हिक्टोरिया डोळ्यांनी पाहिलेलेही नव्हते. १८८२ मध्ये कॉस्मॉस पार्लमेंटात म्हणाला, की कॅनडाने पूर्ण सार्वभौम राष्ट्र व्हायला हवे. मी ब्रिटिश वसाहतवाला म्हणून जन्मलो, पण वसाहतवाल्याच्या बेडूकपिलाच्या अवस्थेत मरायची माझी इच्छा नाही. राणीच्या नावाच्या त्या शहरात हे बोल राजद्रोहासारखे वाटले. त्या वर्षीची निवडणूक तो हरला. निवडून आलेल्यांपैकी एकाचे नाव नोआ शेक्सपियर!

या शेक्सपियरची प्रसिद्धी चिनी मजुरांच्या द्वेषावर उभी होती. आणि इथे मला आपल्या नायकाची ती बाजू सांगितली पाहिजे, जी त्याचे चाहते चरित्रकार घाईने ओलांडतात. शेक्सपियरच्या मंडळींचा चिनी मजुरांविरुद्धचा अर्ज १८७९ साली पार्लमेंटात कॉस्मॉसनेच मांडला आणि त्यावरच्या समितीचा अध्यक्षही तोच होता. त्याच्या प्रांताच्या कायदेमंडळाने १८७२ मध्ये चिन्यांचा आणि मूळ रहिवाशांचा मताधिकार काढून घेतला. ‘कॉलनिस्ट’चे संपादकपद त्याच्याकडे होते त्या १८६२ साली सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या बोटीतून देवी आल्या. व्हिक्टोरियाभोवती राहुट्या टाकून असलेल्या मूळ रहिवाशांना बळाने हुसकून लावण्यात आले. ते रोग घेऊन उत्तरेला आपापल्या गावी गेले आणि किनाऱ्यावरची हजारो माणसे मेली. त्यांना हाकलण्याच्या बाजूने ‘कॉलनिस्ट’ होते. त्या काळी सारेच तसे होते, असे म्हणून मला हे सोडवत नाही. कारण साऱ्यांनी काही विधिमंडळाकडे अर्ज करून विश्वप्रेम हे नाव मागून घेतलेले नव्हते. आणि ज्या आगगाडीसाठी तो बारा वर्षे घसा फोडत होता तिचा ब्रिटिश कोलंबियातला सर्वांत अवघड टप्पा, तिथले बोगदे आणि कडे, हजारो चिनी मजुरांनी फोडले. त्यांतले शेकडो तिथेच गेले. १८८५ च्या नोव्हेंबरात शेवटचा खिळा ठोकला गेला, आणि त्याच साली चिनी माणसावर ५० डॉलरांचा डोईकर बसला.

या वृक्षाला पुढे आलेली फळे आपल्याही लोकांनी चाखली आहेत. १९०७ मध्ये त्याच प्रांताने हिंदी लोकांचा मताधिकार काढला. १९१४ साली ‘कोमागाटा मारू’ जहाजातून गेलेल्या ३७६ हिंदी प्रवाशांना व्हँकूवर बंदरात दोन महिने पाण्यावर तिष्ठत ठेवून बहुतेकांना परत धाडले. मताधिकार परत मिळाला तो १९४७ मध्ये. कॉस्मॉसच्या खुर्चीवर २००० साली पंजाबात जन्मलेले उज्ज्वल दोसांझ बसले, तेव्हा या हिशेबाची एक बाजू तरी फिटली.

पराभवानंतर कॉस्मॉसने बेटाला रेल्वे व बोटींनी मुख्य भूमीशी जोडण्याच्या योजना आखल्या. भांडवल मिळाले नाही. लग्न त्याने केलेच नव्हते. व्हिक्टोरियाच्या रस्त्यांवर उंच टोपी घालून तो एकटाच फिरे. कोणी भेटला तर जुन्या लढाया सांगे, कधी भांडे, कधी रडे. विजेची त्याला विलक्षण भीती बसली. गावात विजेच्या ट्राम सुरू झाल्या तर त्यांत पाऊल टाकीना. १८९५ मध्ये न्यायालयाने त्याला वेडा ठरवले. इकडे त्याच वर्षी ‘केसरी’चे संपादक मुंबई कायदेकौन्सिलात निवडून आले.

२२ जून १८९७ हा व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा दिवस. पुण्यात त्या रात्री गणेशखिंडीत काय घडले हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्याच महोत्सवासाठी तिकडे व्हिक्टोरियात विधानसभेची नवी दगडी इमारत विजेच्या दिव्यांच्या ओळींनी उजळून काढली होती. जुने ‘पक्ष्यांचे पिंजरे’ आता जायचे होते. बारा दिवसांनी, ४ जुलैला, कॉस्मॉस वारला. रॉस बेच्या दफनभूमीपर्यंत त्याच्या पेटीमागून चालत गेलेली माणसे मोजकीच होती. ‘कॉलनिस्ट’ १९८० मध्ये ‘टाइम्स’ या दुसऱ्या पत्रात मिसळले. ‘टाइम्स कॉलनिस्ट’ या जोडनावाने व्हिक्टोरियात ते आजही निघते.